नदीचा ब्रह्मदेश आणि डोंगरांचा ब्रह्मदेश

(नभोवाणीवरील भाषण)



ब्रह्मदेश म्हटला कीं महाराष्ट्रांतील माणसास दोन गोष्टी चटकन् आठवतात. एक, मंडालेच्या तुरुंगांत लोकमान्य टिळकांनीं लिहिलेला ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ. आणि दुसरी, रत्नागिरीचा थिबा राजवाडा. १९०८ ते १९१४ हीं सहा वर्षें आपला पुढारी त्यांच्या जुन्या राजधानींत बंदिवान होता, आणि त्याच वेळीं त्यांचा पदच्युत राजा आपल्या कोंकणांत नजरकैदेंत दिवस कंठीत होता, हा योग विलक्षण खरा. पण ह्या दोन आठवणींपलीकडे त्या देशाविषयींची आपली माहिती सहसा जात नाहीं. वस्तुतः तो आपला सख्खा शेजारी आहे. अरुणाचल, नागालँड, मणिपूर व मिझोराम ह्या चार राज्यांना त्याची सरहद्द भिडलेली आहे. परदेशाहून आपल्याकडे येणाऱ्या उडदाचा मोठा वांटा तिकडच्या शेतांत पिकतो. आणि १ एप्रिल १९३७ पर्यंत तर तो राज्यकारभाराच्या दृष्टीनें हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. त्या देशांत १९४८ सालीं पेटलेलें घरगुती युद्ध पाऊण शतक उलटून गेलें तरी विझलेलें नाहीं. सुपीक जमीन, बारमाही नद्या, मौल्यवान् जंगलें, विरळ वस्ती, आणि तरीहि ही दशा कां व्हावी? ह्या प्रश्नाचें उत्तर पुष्कळसें त्या देशाच्या नकाशांतच आहे, असें माझें मत आहे.

नांवाविषयीं आधींच एक शब्द सांगून ठेवतों. तेथील लष्करी सरकारनें १९८९ सालीं देशाचें नांव म्यानमार व रंगूनचें यांगोन असें केलें. मी आपल्या जुन्या सवयीचीं नांवें वापरणार आहें, त्यांत पक्षाभिमान कांहीं नाहीं.

नकाशा हाताशीं असेल तर उघडावा. ब्रह्मदेशाचा आकार शेपटीच्या पतंगासारखा आहे. पतंगाचें डोकें उत्तरेस हिमालयाच्या टोंकास टेकलेलें. तेथील हकाकाबो राझी हें शिखर ५,८८१ मीटर उंच आहे. शेपूट म्हणजे तेनासरीमची चिंचोळी किनारपट्टी, मलायाच्या दिशेनें उतरत गेलेली. क्षेत्रफळ सुमारे ६,७६,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीहून अधिक. उलट लोकसंख्या २०१४ च्या शिरगणतींत पांच कोटींच्या थोडी वर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून कमी भरली.

पतंगाच्या उभ्या कामटीच्या जागीं इरावती नदी आहे. उत्तरेकडील दोन डोंगरी प्रवाहांचा मिचिना शहराच्या वर संगम होतो, तेथून तिला इरावती म्हणतात. गोदावरीच्या सुमारे दीडपट लांबीची ही नदी भामो, मंडाले, पगान, प्रोम अशीं गांवें घेत दक्षिणेस उतरते आणि समुद्राजवळ तिला इतके फांटे फुटतात कीं त्रिभुज प्रदेशाचा नकाशा वडाच्या पारंब्यांसारखा दिसूं लागतो. भामोपर्यंत तिच्यावर बारा महिने आगबोटी चालत. रस्ता, रेल्वे, बाजार, टपाल ह्या सर्वांचें काम पिढ्यान् पिढ्या ह्या एका नदीनें केलें. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकानंतर तिच्यावर फिरणाऱ्या इरावती फ्लॉटिला कंपनीच्या लहानमोठ्या बोटी सहाशेंहून अधिक होत्या. जगांत कोणत्याहि नदीवर एवढा ताफा नव्हता.

आतां ह्या खोऱ्याच्या भोंवतीं पाहावें. पश्चिमेस अराकान योमा आणि चिन व नागा टेंकड्या, उत्तरेस कचिन डोंगर, पूर्वेस शान पठार, अशी घोड्याच्या नालासारखी डोंगरांची कमान नदीला तिन्ही बाजूंनीं वेढून आहे. पावसाची सारी व्यवस्था ह्या कमानीनें ठरविली आहे. अराकानच्या किनाऱ्यावर वर्षाकाठीं पांचशें सेंटिमीटरपर्यंत पाऊस कोसळतो, आणि डोंगर ओलांडून मंडाले-पगानकडे गेलें कीं तो पाऊणशें सेंटिमीटरवर येतो. सह्याद्रीचा माथा चिंब भिजत असतां माण-खटावचा शेतकरी आभाळाकडे पाहत बसतो, तोच हा प्रकार. ह्या कोरड्या पट्ट्यांत तीळ, भुईमूग, तूर, उडीद हीं पिकें होतात. आपल्याकडे येणारीं कडधान्यें तींच. चमत्कार असा कीं पगान, आवा, अमरपूर, मंडाले ह्या ब्रह्मी राजांच्या राजधान्या ह्याच पट्ट्यांत होत्या. कारण येथें रोगराई कमी होती, बाजूच्या लहान नद्यांना बांध घालून कालवे काढतां येत, आणि कोठूनहि नदीवर नजर ठेवतां येई. समुद्राकडील ओला प्रदेश शंभर-सव्वाशें कोसांवर बहुतांशीं दलदल व अरण्य ह्यांनीं भरलेला पडला होता.

खोऱ्यांत बर्मी लोक राहतात. ते एकंदर लोकसंख्येच्या दोनतृतीयांशांच्या आसपास आहेत. नांगराची भातशेती, बौद्ध धर्म आणि स्वतःची लिपि व वाङ्मय असा हा समाज आहे. कमानीवरील डोंगरांत शान, कचिन, चिन, नागा, कया, करेण असे निरनिराळ्या भाषा बोलणारे लोक राहतात. करेण तर डोंगरांत आहेत तसेच त्रिभुज प्रदेशांतहि आहेत. डोंगरांत पुष्कळ ठिकाणीं जंगल जाळून राखेंत पीक घेण्याची चाल होती. आपल्याकडे जिला कुमरी म्हणतात तीच ही. ब्रह्मी भाषेंत तिला टौंग्या असें नांव आहे. शान लोकांचे स्वतःचे संस्थानिक होते व ते बौद्ध आहेत. कचिन व चिन ह्यांच्यांत आणि कांहीं करेणांत अमेरिकन मिशनऱ्यांनीं ख्रिस्ती धर्म रुजविला.

म्हणजे देश एक, पण त्यांत दोन प्रदेश आहेत. ज्याच्या हातीं नदी त्याच्या हातीं राज्य, हा तेथील जुना नियम. पण त्या राज्याचा अंमल डोंगराच्या पायथ्याशीं पोंचतां पोंचतां नजराण्यापुरता उरे. नंतर नदी पुष्कळांच्या हातीं गेली. आपल्या हातीं सबंध देश आला आहे, असा भ्रम त्यांपैकीं बहुतेकांना झाला.

इंग्रजांनीं ब्रह्मदेश तीन घांसांत गिळला. १८२४-२६ च्या युद्धांत अराकान व तेनासरीम, १८५२ सालीं पेगू म्हणजे सारा दक्षिण भाग, आणि १८८५ सालीं मंडाले. तिसऱ्या युद्धाची कथा मुंबईकरांनीं मुद्दाम ऐकण्यासारखी आहे, कारण तिचें मूळ सागवानांत आहे आणि सागवानाचा धंदा करणारी कंपनी मुंबईची होती.

ओलें सागवान पाण्यावर तरंगत नाहीं. म्हणून तोडण्यापूर्वीं झाडाच्या बुंध्याभोंवतीं साल व बाहेरचें लांकूड कापून रिंगण काढीत आणि तें उभ्या उभ्या वाळूं देत. दोन-तीन वर्षांनीं झाड पाडावयाचें, हत्तीकडून ओंडके ओढ्याच्या पात्रांत आणून टाकावयाचे, आणि पुराची वाट पाहावयाची. पूर आला म्हणजे ते वाहत मोठ्या नदीला मिळत, तेथें त्यांचे तराफे बांधीत व रंगूनपर्यंत सोडीत. जंगलांत पाडलेलें झाड वखारींत पोंचण्यास कधीं कधीं कित्येक वर्षें लागत. अशा धंद्यांत ओंडक्यांची मोजदाद कोणीं, कोठें व कशी करावयाची, हा तंट्याचा विषय न झाला तरच नवल! १८६३ सालीं मुंबईस स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशननें ओंडके कमी दाखवून राजाचा महसूल बुडविला, असा निकाल १८८५ सालीं मंडालेच्या दरबारानें दिला आणि सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. इंग्रज सरकारनें निर्वाणीचा खलिता धाडला. खरी भीति फ्रेंचांची होती, कारण थिबा राजा त्यांच्याशीं सूत जमवूं पाहत होता. दंडाचा वाद हें निमित्त झालें. नोव्हेंबर महिन्यांत आगबोटी इरावतीनें वर निघाल्या आणि पंधरवड्याच्या आंतच राजा शरण आला. १ जानेवारी १८८६ रोजीं राज्य खालसा झालें. राजाला मद्रासमार्गें रत्नागिरीस आणण्यांत आलें, आणि तेथेंच तो १९१६ सालीं वारला. ज्या रंगुनांत शेवटच्या मोंगल बादशहाला १८५८ पासून ठेवलें होतें, त्या देशाचा राजा ह्या किनाऱ्यावर आला; साम्राज्याला कैद्यांसाठीं सोयीचीं ठिकाणें बरीं सांपडत.

मात्र नदी हातीं येणें निराळें आणि डोंगर हातीं येणें निराळें, हें इंग्रजांस लौकरच कळलें. मंडाले पंधरा दिवसांत पडलें. भोंवतालचा मुलूख शांत करण्यास पुढें कित्येक वर्षें फौज राबवावी लागली. शेवटीं त्यांनीं दोन कारभार ठेवले. खोऱ्यांत कमिशनर, कोर्ट-कचेऱ्या व पुढें निवडणुका. डोंगरांत जुने संस्थानिक व मुखिया जसेच्या तसे, वर नुसती देखरेख. स्थानिक सैन्यांत भरती करतांनाहि करेण, कचिन व चिन ह्यांना पसंती आणि बर्मी लोकांना बहुतेक मज्जाव. दोन प्रदेशांमध्यें निसर्गानें आंखलेली रेघ ह्या कारभारानें शाईनें गिरवली.

खोऱ्यांत काय घडलें तें आतां पाहूं. पेगू घेतलें तेव्हां दक्षिण ब्रह्मदेशांत भाताखालीं दहा लाख एकरांहूनहि कमी जमीन होती. १८६९ सालीं सुवेझचा कालवा खुला झाला आणि युरोपचा बाजार जवळ आला. उत्तरेकडील कोरड्या पट्ट्यांतून हजारों कुटुंबें खालीं आलीं, त्यांनीं अरण्य तोडलें, दलदलीला बांध घातले, आणि १९३० च्या सुमारास सुमारे एक कोटी एकर जमीन भाताखालीं आली. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीं ब्रह्मदेश दरसाल तीस लाख टनांच्या आसपास तांदूळ बाहेर पाठवीत असे. जगांत ह्या बाबतींत त्याचा क्रमांक पहिला होता. सत्तर-ऐंशी वर्षांत साध्या शेतकऱ्यांनीं केलेलें हें काम मी फार मोठें समजतों, आणि इतिहासाच्या शालेय पुस्तकांत त्याला एक ओळहि मिळूं नये ह्याचें मला नेहमीं वाईट वाटत आलें आहे.

पण जंगल तोडून पहिलें पीक हातीं येईपर्यंत खावयाचें काय? बैल कशानें घ्यावयाचे? पैसा लागला, आणि तो तामिळनाडूंतील चेट्टी सावकारांनीं पुरविला. पीक कापावयास, गिरणींत भात कांडावयास, बंदरांत पोतीं वाहावयास मजूर लागले. ते तेलुगू मुलुखांतून बोटींनीं आले. १९३१ सालीं रंगून शहराच्या वस्तींत निम्म्याहून अधिक लोक हिंदी होते. भाताचा भाव चढता होता तोंपर्यंत कोणाची तक्रार नव्हती. १९३० सालीं जगभर मंदी आली, भाव निम्म्यावर घसरला, आणि कर्ज मात्र जेवढें होतें तेवढेंच राहिलें. दक्षिणेच्या तेरा मुख्य भातपिकाऊ जिल्ह्यांत १९३० सालीं लागवडीच्या जमिनीपैकीं शेंकडा ६ चेट्टींच्या मालकीची होती. १९३८ सालीं ती शेंकडा २५ झाली. ज्यानें दलदल हटवून शेत केलें तोच त्या शेताचें कूळ झाला. चेट्टी सावकार फार लोभी होता असें म्हणण्याची चाल आहे, परंतु त्याचा व्याजाचा दर तेथील स्वदेशी सावकारापेक्षां कमीच असे, आणि त्याला जमीन नको होती, पैसा हवा होता. तरी कुळाला हें समजावून सांगण्यांत अर्थ नव्हता. त्याला दिसत होतें तें एवढेंच, कीं जमीन परक्याच्या नांवावर चढली. १९३० च्या मे महिन्यांत रंगूनच्या गोदींत हिंदी मजुरांविरुद्ध दंगा झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत सया सान नांवाच्या वैदूच्या पुढारपणाखालीं थरावडी जिल्ह्यांतील शेतकरी इंग्रजांविरुद्ध उठले. सया सानला पुढल्या वर्षीं फांशी दिलें. ब्रह्मी स्वातंत्र्याच्या चळवळींत हिंदी माणसाविषयींचा जो कडवटपणा दिसतो, त्याचें मूळ ह्या आठ-दहा वर्षांत आहे. हें आपल्याला ऐकावयास गोड लागत नाहीं. पण शेजाऱ्याला ओळखावयाचें तर त्याच्या जमाखर्चाच्या वहींत आपलें नांव कोणत्या बाजूला आहे, हेंहि पाहिलें पाहिजे.

मग १९४२ सालीं जपानी आले. मार्चमध्यें रंगून पडलें. येनांजाऊंच्या तेलविहिरी इंग्रजांनीं माघार घेतांना स्वतःच उद्ध्वस्त केल्या, इरावतीवरील बोटी बुडविल्या, आणि लाखों हिंदी लोक अराकान व मणिपूरच्या वाटांनीं मायदेशाकडे पायीं निघाले. त्यांतील हजारों वाटेंत भुकेनें, हिंवतापानें व पटकीनें मेले. ब्रह्मी तांदळाची आवक तुटली. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचीं कारणें अनेक आहेत, पण हें त्यांतील एक. युद्धानें आणखी एक घाव घातला. आंग सान व त्यांचे तरुण बर्मी सहकारी प्रथम जपान्यांबरोबर होते. करेण व कचिन इंग्रजांच्या बाजूनें लढले. १९४५ च्या मार्चमध्यें आंग सान जपान्यांवर उलटले खरे, परंतु मधल्या काळांत खोरें आणि डोंगर एकमेकांवर बंदुका रोखून उभे राहिले होते, आणि करेण गांवांत कत्तली झाल्या होत्या.

हा घाव भरून काढण्याचा मनापासून प्रयत्न केला तो आंग सान ह्यांनीं. १२ फेब्रुवारी १९४७ रोजीं शान डोंगरांतील पांगलाँग गांवीं त्यांनीं शान, कचिन व चिन पुढाऱ्यांशीं करार केला. डोंगरी प्रदेशांना अंतर्गत कारभारांत पूर्ण स्वायत्तता, हें त्यांतील मुख्य कलम होतें. करेण त्यांत सामील झाले नाहींत. पुढें घटनेंत शान व कया प्रदेशांना दहा वर्षांनंतर वाटल्यास फुटून निघण्याचा हक्कहि लिहिला गेला. पण १९ जुलै १९४७ रोजीं भर बैठकींत आंग सान व त्यांचे सहकारी गोळ्यांनीं मारले गेले. त्यांचें वय तेव्हां अवघें बत्तीस होतें. करार केलेल्या माणसाचा शब्द त्याच्या मागून आलेल्यांना आपला वाटेलच असें नाहीं. ४ जानेवारी १९४८ रोजीं, ज्योतिष्यांनीं काढलेल्या मुहूर्तावर पहांटे, ब्रह्मदेश स्वतंत्र झाला. मार्चमध्यें कम्युनिस्टांनीं बंड केलें, आणि १९४९ च्या जानेवारींत करेण रंगूनच्या वेशीशीं लढत होते.

पुढील कथा मी भराभर सांगतों. पंतप्रधान ऊ नू हे सज्जन गृहस्थ. पण १९६१ सालीं त्यांनीं बौद्ध धर्म हा राजधर्म ठरविला आणि ख्रिस्ती कचिन त्यामुळें आणखी दुरावले. शान पुढारी घटनेंत दुरुस्ती करून खरें संघराज्य मागूं लागले. त्यासाठीं रंगुनांत बोलणीं चालू असतांनाच २ मार्च १९६२ रोजीं सेनापति ने विन ह्यांनीं सत्ता घेतली. देश फुटूं नये म्हणून आम्ही आलों, असें त्यांनीं सांगितलें. दुकानांपासून गिरण्यांपर्यंत सर्व सरकारी झालें, सुमारे तीन लाख हिंदी लोक अंगावरच्या कपड्यांनिशीं परतले, आणि तांदळाची निर्यात युद्धापूर्वींच्या तिसऱ्या हिश्श्याच्याहि खालीं गेली. १९८७ सालीं २५, ३५ व ७५ क्याटच्या नोटा एका फटक्यांत रद्द करण्यांत आल्या व ४५ आणि ९० च्या नोटा निघाल्या. नवाच्या पाढ्यावर राज्यकर्त्यांची श्रद्धा होती म्हणे! लोकांची सांठवण एका रात्रींत कागद झाली. पुढल्याच वर्षीं, ८ ऑगस्ट १९८८ रोजीं, देश रस्त्यावर उतरला, आणि लष्करानें गोळ्या झाडल्या. आंग सान ह्यांच्या कन्या आंग सान सू ची ह्यांचा पक्ष १९९० ची निवडणूक प्रचंड बहुमतानें जिंकला, पण त्याला सत्ता मिळाली नाहीं. २००८ च्या मे महिन्यांत नर्गिस वादळानें त्रिभुज प्रदेशांत सुमारे १,३८,००० माणसें मेलीं किंवा बेपत्ता झालीं. तरी आठवड्याभरांतच, १० मे रोजीं, लष्करानें आपल्या नव्या घटनेवर बहुतेक देशांत मतदान घेतलें. तिच्याप्रमाणें विधिमंडळांतील चौथा हिस्सा जागा सेनेकडे राहिल्या.

एव्हांना संपत्तीचें ठिकाण मात्र बदललें होतें. जुनी संपत्ति खोऱ्यांत होती: तांदूळ, तेल, नदीनें उतरणारें लांकूड. नवी संपत्ति पुष्कळशी डोंगरांत सांपडली. कचिन प्रदेशांत फाकांत येथें जगांतील उत्तम जेड निघतें व तें बहुतेक चीनला जातें. तेथील खाणीचा ढिगारा २०२० च्या जुलैंत कोसळून दीडशेंहून अधिक मजूर गाडले गेले. शान पठारावर अफू पिकते. २०२३ सालीं अफूच्या उत्पन्नांत ब्रह्मदेश अफगाणिस्तानच्याहि पुढें गेला. इरावतीच्या उगमसंगमावरच चिनी भांडवलानें प्रचंड धरण बांधावयाचें ठरलें होतें, आणि वीज बहुतांशीं चीनला जावयाची होती. कचिन लोक तर विरोधांत होतेच, पण ह्या वेळीं खोऱ्यांतील बर्मी जनताहि नदीसाठीं त्यांच्या बाजूस उभी राहिली. ३० सप्टेंबर २०११ रोजीं सरकारला तें काम थांबवावें लागलें. नदीनें एकदां तरी दोन्ही प्रदेशांना एका बाजूस आणलें, असें म्हणतां येईल.

परंतु एका बाजूस येण्याची ही वृत्ति सर्वांना लागू पडली नाहीं. अराकानमधील रोहिंग्या मुसलमानांना १९८२ च्या कायद्यानें नागरिकत्वापासून दूर ठेवलें होतें. २०१७ च्या ऑगस्टनंतर सेनेच्या अत्याचारांमुळें त्यांतील सात लाखांहून अधिक लोक बांगला देशांत पळून गेले. सू ची तेव्हां सरकारांत होत्या. २०१९ सालीं हेगच्या न्यायालयांत त्यांनीं आपल्या देशाची बाजू मांडली, आणि डोंगरांतील व बाहेरच्या पुष्कळांचा त्यांच्यावरील विश्वास उडाला. माझ्या मतें तो उडावा असेंच त्यांचें भाषण होतें.

१ फेब्रुवारी २०२१ रोजीं सेनापति मिन आंग लाइंग ह्यांनीं पुन्हां सत्ता बळकावली. नंतर जें झालें तें मात्र पूर्वीं एवढ्या प्रमाणावर कधीं झालेलें नव्हतें. रंगून-मंडालेचे बर्मी तरुण, विद्यार्थी, डॉक्टर, शिक्षक, गोळीबारापासून पळून करेण व कचिन डोंगरांत गेले आणि ज्यांना त्यांच्या वडिलांच्या वर्तमानपत्रांनीं दरोडेखोर म्हटलें होतें त्यांच्याकडून शस्त्र चालवावयास शिकले. जुन्या राजधान्यांचा कोरडा पट्टा, म्हणजे सेनेचें माहेरघर, तोच बंडाचा गड झाला. २७ ऑक्टोबर २०२३ रोजीं शान प्रदेशाच्या उत्तरेस तीन डोंगरी सेनांनीं एकदम चढाई केली व चीनकडे जाणारे व्यापारी रस्ते घेतले. पुढें त्यांतील कांहीं ठाणीं चीनच्या दडपणानें परत द्यावीं लागलीं.

ह्या धुमाळींतच २८ मार्च २०२५ रोजीं भूकंप झाला. खोऱ्याच्या लांबीनें उत्तर-दक्षिण जाणारी सगाईंची भेग हलली, धक्का ७.७ इतक्या तीव्रतेचा होता, आणि तीन हजारांहून अधिक माणसें गेलीं. मंडालेजवळचा आवाचा पूलहि पडला. १९३४ सालीं बांधलेला हा पूल साठ वर्षें सबंध इरावतीवरचा एकमेव पूल होता. १९४२ सालीं माघार घेणाऱ्या इंग्रजांनीं त्याचे दोन गाळे सुरुंगानें उडविले, १९५४ सालीं ते पुन्हां जोडले गेले, आणि ह्या भूकंपांत तो पाण्यांत कोसळला. त्याच्या शेजारीं २००८ सालीं बांधलेला नवा पूल तेवढा उभा राहिला.